डोळ्यांचा धूर, नाकाचा धूर

९ सप्टेंबर २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोत उजाडलंच नाही. दहा वाजून गेले तरी रस्त्यावरचे दिवे जळत होते, गाड्या हेडलाइट लावून चालल्या होत्या, आणि वर आकाश गडद नारिंगी. जणू कुणी काजळी धरलेल्या कंदिलाची काच अख्ख्या शहरावर पालथी घातली होती. लोक खिडकीत उभं राहून मोबाइलने फोटो काढत होते आणि फोटोत आकाश साधं राखाडी उमटत होतं. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरला हा रंग पटतच नव्हता. दिव्याचा दोष समजून ते तो परस्पर दुरुस्त करून टाकायचं.

त्या दिवसाची छायाचित्रं जगभर फिरली. वणव्याचा धूर म्हटलं की आजही तीच आठवतात. गंमत अशी की त्या दिवशी जमिनीलगतची हवा, त्या मोसमाच्या मानाने, बरी होती. खरी वाईट हवा आली ती नंतरच्या दोन-तीन दिवसांत. नारिंगी रंग ओसरला, आकाश ताकासारखं पांढुरकं झालं, लोकांना वाटलं सुटलो, आणि हवेचे आकडे लाल-जांभळ्या, म्हणजे वाईट आणि फार वाईट हवेच्या पट्ट्यांत जाऊन बसले.

धुराच्या बाबतीत माणूस फसतो तो इथे. डोळ्यांना दिसतो तो डोक्यावरचा, मैलभर उंचीपर्यंत साचलेला सगळा धूर. नाकात जातो तो फक्त खालच्या दोन मीटरांतला. या दोघांचा एकमेकांशी संबंध असतो, पण तो सख्ख्या भावांचा नसतो, लांबच्या नात्यातला असतो.

त्या सकाळी झालं होतं ते असं. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर उन्हाळाभर समुद्रावरून आलेल्या गार, दमट हवेचा थर जमिनीलगत पसरलेला असतो. तिथलं ते प्रसिद्ध धुकं त्यातलंच. आदल्या रात्री सिएरा नेवाडा डोंगररांगेतला नॉर्थ कॉम्प्लेक्स वणवा जोराच्या वाऱ्याने बेफाम पळाला होता, आणि उत्तरेकडे ऑगस्ट कॉम्प्लेक्स तीन आठवडे जळतच होता. (‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे अनेक आगी मिळून झालेला एक मोठा वणवा.) या दोन्हींचा धूर समुद्री थराच्या डोक्यावरून वाहत आला आणि तिथेच तरंगत राहिला. गार हवा जड, ती खाली; गरम धुरकट हवा हलकी, ती वर. दोन्ही एकमेकींत मिसळेनात. धुराचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे, म्हणजे जवळपास प्रकाशाच्या तरंगलांबीएवढेच. असे कण निळा प्रकाश अडवतात, शोषतात, भलतीकडे फेकतात. दाट थरातून खाली झिरपला तो तांबडा-नारिंगी उरलासुरला प्रकाश, आणि खालच्या धुक्याने तो सगळीकडे सारखा पसरवला. पुढच्या दिवसांत वरचा थर खाली मिसळला तेव्हा आकाशाचा रंग गेला आणि धूर छातीत आला.

ऑगस्ट कॉम्प्लेक्सचा आवाका कळायला आपल्याकडचं माप घेऊ. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्या एका वणव्याने १० लाख ३२ हजार एकर, म्हणजे सुमारे ४,१८० चौरस किलोमीटर जाळले. आख्खा गोवा जळून वर थोडा सिंधुदुर्ग. आपल्या भाषेतला वणवा सहसा एवढा नसतो. सह्याद्रीच्या उतारावरचं वाळकं गवत पेटतं, गडचिरोलीत मोहाची फुलं वेचताना दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि तो हाताबाहेर जातो. ही आग जमिनीवरून सरपटते, फार तर खोडं काळी करते. कॅलिफोर्नियातल्या पाइन-फरच्या जंगलात आग शेंड्याला पोचते आणि शेंड्यावरून शेंड्यावर उडी मारते. तिची उष्णता एवढी की ती स्वतःचे ढग तयार करते. ५ सप्टेंबर २०२० च्या सुमारास क्रीक वणव्यावर असा गडगडाटी ढग सुमारे ५०,००० फुटांवर चढला. धूर इतक्या वर गेला की तो गावचा राहत नाही. वाऱ्यावर बसून परक्या राज्यात, परक्या देशात जाऊन उतरतो.

उतरतो कधी, हा सगळ्यात कळीचा प्रश्न. धूर वर असेपर्यंत तो सूर्यास्ताची शोभा वाढवतो, बाकी काही करत नाही. वरून हवा खाली दाबली गेली, किंवा रात्री जमीन गार होऊन तिच्यावर गरम हवेचं झाकण बसलं, की तो खाली कोंडतो. कॅलिफोर्नियाच्या मधलं खोरं म्हणजे एक लांबोळकी परात आहे. पूर्वेला सिएरा नेवाडा, पश्चिमेला किनाऱ्यालगतचे डोंगर, आणि बाहेर पडायला सॅन फ्रान्सिस्को उपसागराजवळची एक चिंचोळी वाट. परातीत धूर भरला आणि झाकण बसलं की तो आठवडा-आठवडा हलत नाही.

८ नोव्हेंबर २०१८ ला नेमकं हेच झालं. पंचांगाप्रमाणे त्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालेलं, बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या शहरांतल्या, मराठी घरांत फराळाचे डबे अजून भरलेले. सकाळी साडेसहाच्या सुमारास, २०० हून अधिक किलोमीटर दूर, विजेच्या मनोऱ्यावरचा जवळपास शंभर वर्षं जुना, झिजून पातळ झालेला लोखंडी आकडा तुटला. तार लोंबकळली, ठिणगी पडली आणि दुपारपर्यंत पॅराडाइज नावाचं सव्वीस हजार वस्तीचं गाव बहुतेक संपलं होतं. ८५ माणसं गेली, १८,००० हून अधिक इमारती जळाल्या. या वणव्याचं नाव कॅम्प फायर. त्याचा धूर परातीतून त्या चिंचोळ्या वाटेने उपसागराकडे ओघळला आणि जवळजवळ दोन आठवडे तिथेच बसून राहिला. १६ नोव्हेंबरला त्या भागातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २१ तारखेला पाऊस आला तेव्हा हवा धुतली गेली.

हा धूर नुसत्या लाकडाचा नव्हता, हे विसरता कामा नये. जंगल जळतं तेव्हा धुरात बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन असं सगळं असतंच. गाव जळतं तेव्हा त्यात जुन्या भिंतींचा रंग येतो, पीव्हीसीचे पाइप येतात, गाड्या, बॅटऱ्या, गॅरेजमधल्या कीटकनाशकांच्या बाटल्या येतात. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने नंतर नमुने तपासले तेव्हा पॅराडाइजजवळच्या चिको शहरात हवेतलं शिसं काही काळ नेहमीच्या सरासरीच्या सुमारे ५० पट आढळलं, आणि वाढलेलं शिसं पार सॅन होजेपर्यंत पोचलं होतं. फोनवरच्या हवेच्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही. तो आकडा कणांचं वजन सांगतो. कण कशाचे, ते सांगत नाही.

आकड्यांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण धुराच्या दिवसांत अर्धा गोंधळ त्यांचाच असतो.

सरकारी केंद्रावर जे यंत्र असतं ते ताशी घनमीटरभर, म्हणजे मिनिटाला सुमारे १६.७ लिटर हवा ओढतं आणि काचतंतूंच्या पट्टीतून सोडते. कण पट्टीवर चिकटतात. चिकटण्याआधी आणि नंतर त्या जागेतून बीटा किरण किती पार झाले, यावरून वजन निघतं. पद्धत भरवशाची, पण यंत्र महाग आणि आकडा तासाला एक. धूर तासाभरात येतो आणि जातोही. शिवाय अशी केंद्रं मोजकी; मधल्या वीस-तीस किलोमीटरांत काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नसतं.

म्हणून लोकांनी घराघरांवर पर्पलएअरची छोटी यंत्रं लावली. आत लेझर असतो, पंखा हवा ओढतो, कणावरून उसळलेला प्रकाश मोजून यंत्र कण किती ते ठरवतं. म्हणजे हे यंत्र वजन करत नाही, चमक मोजते आणि वजनाचा अंदाज बांधते. धुराचे कण नेमके त्या आकाराचे, जे सगळ्यात जास्त चमकतात. त्यातून हवा दमट असली की ते पाणी पिऊन फुगतात. त्यामुळे धुरात कच्चा आकडा खऱ्याच्या जवळपास दुप्पट येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने यावर एक दुरुस्ती काढली: कच्च्या आकड्याला ०.५२४ ने गुणा, त्यातून आर्द्रतेच्या टक्केवारीचे ०.०८६२ पट वजा करा, आणि ५.७५ मिळवा. समजा यंत्र २०० मायक्रोग्रॅम दाखवतंय आणि आर्द्रता ३० टक्के आहे. हिशेब १०८ येतो. हवेच्या निर्देशांकाच्या, म्हणजे फोनवर दिसणाऱ्या ० ते ५०० च्या मोजपट्टीच्या भाषेत कच्चा आकडा २७५ दाखवेल, दुरुस्त केलेला १८८. पहिला जांभळा, दुसरा लाल. फार दाट धुरात याहून वेगळं सूत्र लागतं. पर्पलएअरच्या नकाशावर ही दुरुस्ती निवडण्याची सोय आहे. आग आणि धुराच्या सरकारी नकाशावर ती आधीच केलेली असते.

या यंत्रात एकाच खोक्यात दोन मोजण्या चालतात. दोन्हींत मोठा फरक दिसला तर तो आकडा सोडून द्यावा. बहुतेकदा आत कोळी शिरलेला असतो किंवा धूळ बसलेली असते. बार्बेक्यूच्या शेगडीजवळ किंवा कपडे वाळवायच्या मशीनच्या भोकाजवळ लावलेलं यंत्र शेजाऱ्याच्या जेवणाची बातमी सांगतं, गावच्या हवेची नाही. एकट्या यंत्रावर विसंबू नये. आजूबाजूची पाच-सहा एकच सूर लावत असली तरच मानावं.

आता घरोघरचा घोळ. सॅन होजेतल्या मुलीच्या फोनवर १३७ दिसतं, ती घाबरून पुण्याला फोन करते. आई म्हणते, अगं एवढं काय, आमच्याकडे परवा असाच धूर होता, ८३ होता, ‘समाधानकारक’ लिहिलं होतं. दोघींची हवा अगदी सारखी असू शकते. घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम पीएम २.५ (अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण) असले तर अमेरिकेच्या मोजपट्टीवर ते १३७ होतात, ‘संवेदनशील लोकांसाठी अपायकारक’. भारताच्या मोजपट्टीवर ८३, ‘समाधानकारक’. आणि हेच १०० मायक्रोग्रॅमला उलटतं: अमेरिकेचा आकडा १८२, भारताचा २३२, तरी शब्द मात्र इकडे ‘खराब’ आणि तिकडे ‘अपायकारक’. दोन देशांचे निर्देशांक शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एकाचं वजन पौंडात आणि दुसऱ्याचं किलोत घेऊन भांडणं. विचारायचं ते मायक्रोग्रॅम. भारताची चोवीस तासांची मर्यादा ६०, अमेरिकेची ३५, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १५. फुप्फुसाला यातली कुठलीच मोजपट्टी ठाऊक नाही.

नकाशांचंही तसंच. अमेरिकेच्या हवामान खात्याचं धुराचं प्रारूप तीन किलोमीटरच्या चौकटींत पुढच्या दोन दिवसांचा अंदाज देतं आणि त्याचे दोन नकाशे मिळतात: एक उभ्या स्तंभातल्या एकूण धुराचा, दुसरा जमिनीलगतच्या धुराचा. पहिला दिसायला भयानक, म्हणून तोच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. बघायचा दुसरा. नारिंगी सकाळचा पहिला नकाशा काळाकुट्ट दिसला असता, आणि त्यावरून जमिनीवरच्या हवेबद्दल काहीच कळलं नसतं.

फोनच नसेल तर? अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत एक जुना ठोकताळा आहे. सूर्याकडे पाठ करून उभं राहावं आणि ओळखीच्या अंतरांवरच्या डोंगर-टेकड्या-टाक्या बघाव्यात. आठ किलोमीटरांवरची खूण दिसेनाशी झाली तर मुलं, म्हातारी, गरोदर आणि दम्याची माणसं घरात. दीड किलोमीटरावरची दिसेना, तर सगळेच घरात. डोळे आडवे बघतात तेव्हा बऱ्यापैकी खरं बोलतात. वर बघतात तेव्हा फसवतात. मात्र हवा दमट असली की हा ठोकताळा मोडतो. धुक्यालाही डोंगर झाकता येतात.

आता घरात येऊ. धुराच्या दिवसांत ‘घरात राहा’ एवढंच सांगतात, जणू घर म्हणजे डबा. अमेरिकेतलं लाकडी बांधणीचं घर चाळणीसारखं असतं. खिडक्या लावल्या तरी फटींतून बाहेरचा धूर हळूहळू आत येतो. त्यामुळे काम दोन प्रकारचं: आत येणं कमी करायचं आणि आलेला गाळायचा.

आत येणं कमी करताना लोक हमखास एक चूक करतात. स्वयंपाकघरातली चिमणी आणि न्हाणीघरातला पंखा चालूच ठेवतात, ‘हवा बाहेर जाऊ दे’ म्हणून. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच फटींतून आत ओढली जाते, आणि ती धुराची असते. एका नळीचा फिरता एसी हेच करतो. पाण्याचा कूलर तर बाहेरचीच हवा आत ढकलायला बनवलेला. खिडकीतल्या एसीची बाहेरची झडप बंद करायची, गाडीत हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबायचं आणि मध्येच क्षणभर बाहेरची हवा घ्यायची, नाहीतर बंद गाडीत झापड येते.

पण चिमणी बंद म्हणजे फोडणीचं काय? हा प्रश्न थट्टेचा नाही. बंद घरात मोहरी-मिरचीची एक चुरचुरीत फोडणी दिली किंवा पुऱ्या तळल्या की आतले कण बाहेरच्या वणव्याला टक्कर देतात. २०२० ची गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. १६-१७ ऑगस्टला कोरड्या विजा पडून कॅलिफोर्नियात शेकडो वणवे पेटलेले, आणि १८ ऑगस्टपासून १६ सप्टेंबरपर्यंत बे एरियात सलग ३० दिवस हवेचा इशारा चालू होता. म्हणजे गौरी-गणपती, अनंत चतुर्दशी, सगळं त्यातच. उदबत्ती, धूप, कापूर हे सगळे बारीक कणांचेच झरे आहेत. अशा दिवसांत देवापुढे फुलं वाहावीत, समई क्षणभर लावून शांत करावी, मोदक तळणीचे नकोत, उकडीचे करावेत. गणपतीची याला हरकत असेल असं वाटत नाही. त्याला उकडीचेच आवडतात.

गाळण्यासाठी घराच्या हवा-यंत्रणेत मर्व-१३ दर्जाचा फिल्टर बसवायचा (मर्वचा आकडा जितका मोठा, तितकी गाळणी बारीक). थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर आणायचा, ऑटोवर ठेवला तर तापमान जुळलं की पंखा थांबतो आणि गाळणंही थांबतं. फिल्टरच्या चौकटीवर बाण असतो, तो पंख्याच्या दिशेने. खाचेत फिल्टर सैल बसला तर हवा गाळणीतून न जाता कडेने पळते, मग दर्जा कितीही असो. उलट जुन्या यंत्रणेत एक इंच जाडीचा मर्व-१३ घातला की कधी कधी तिला दम लागतो: हवा कमी येते, एसीच्या नळ्यांवर बर्फ धरतो. तेव्हा एक पायरी खाली यावं. मर्व-१३ सर्वात बारीक गटातले कण, ०.३ ते १ मायक्रॉनचे, एका फेरीत निम्मे तरी पकडतो. निम्मेच? हो, पण हवा तासात पाच-सहा वेळा फिरते. निम्म्याचे निम्मे, त्याचेही निम्मे, असं करत खोली निवळते.

अशी यंत्रणा नसलेल्यांसाठी एक खोका आहे, आणि तो माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात सुंदर वस्तू आहे. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाने तो ओळखला जातो, २०२० च्याच ऑगस्टमधला. वीस इंची चौकोनी पंखा, वीस बाय वीस इंचाचे चार मर्व-१३ फिल्टर, पुठ्ठा आणि डक्ट टेप. जाडी शक्यतो दोन इंचांची घ्यावी. एक इंचीत हवेला अडथळा जास्त. चार फिल्टर उभे करून चौकोन करायचा, बाण चारी बाजूंनी आतल्या दिशेला. तळाला पुठ्ठा. वर पंखा आडवा, हवा वर फेकणारा. सगळे सांधे टेपने बंद, नखाएवढीही फट नको. मग पंख्याच्या जाळीवर पुठ्ठ्याची चौकट चिकटवायची, मधोमध साधारण पंधरा इंच व्यासाचं गोल भोक पाडून. हे शेवटचं काम लोक आळसाने सोडतात. पंखा चौकोनी असला तरी पाती गोल फिरतात. कोपऱ्यांतून हवा परत आत ओढली जाते आणि पंखा स्वतःचीच हवा चघळत बसतो. भोकाने ते थांबतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात असा खोका तपासला तेव्हा वेगाप्रमाणे मिनिटाला सुमारे ६०० ते ८५० घनफूट स्वच्छ हवा मिळाली. दुकानातल्या बऱ्याच महागड्या यंत्रांना तेवढी जमत नाही. तोटे दोन: घरघरतो फार, आणि जागा अडवतो. पंखा २०१२ नंतरचा, फ्यूज असलेल्या प्लगचा घ्यावा, एक्स्टेन्शनच्या वायरीवर लावू नये.

विकतचं यंत्र घ्यायचं तर एकच आकडा विचारायचा: धुरासाठी मिनिटाला किती घनफूट स्वच्छ हवा? वणव्याच्या धुरासाठी तो आकडा खोलीच्या चौरस फुटांएवढा असावा. १२ बाय १५ फुटांची खोली म्हणजे १८०. आठ फूट उंचीच्या छताला तेवढ्यात तासाला साडेसात वेळा हवा गाळली जाते. खोक्यावर ‘आयन’ किंवा ‘ओझोन’ असे शब्द असतील तर ते यंत्र दुकानातच राहू द्यावं. अख्खं घर स्वच्छ करायच्या मागे लागू नये. एक झोपायची खोली निवडावी, दाराखालच्या फटीला टॉवेल लावावा आणि रात्र तिथे काढावी.

या सल्ल्याला एक मोठं भोक आहे, ते सांगायलाच हवं. बे एरियातल्या कितीतरी घरांत एसी नाही. समुद्राची हवा पुरायची, म्हणून कधी लागलाच नाही. ऑगस्ट २०२० मध्ये उष्णतेची लाट आली, १४-१५ तारखेला विजेची आळीपाळीने कपात झाली, आणि लगेच धूर. खिडकी उघडली तर धूर, बंद केली तर भट्टी. अशा वेळी उष्णता आधी जीव घेते, धूर नंतर. म्हाताऱ्या माणसाला ३५ अंशांच्या बंद खोलीत स्वच्छ हवेत बसवण्यात काही अर्थ नाही. त्याला थंड ग्रंथालयात, मॉलमध्ये न्यावं. नाहीच जमलं तर धूर जरा उतरेल त्या तासात खिडकी उघडावी.

मास्कबद्दल दोनच ओळी. कापडी मास्क धुराला वाट करून देतो; एन-९५ हवा, दोन पट्ट्यांचा, नाकाची तार दाबून बसवलेला, आणि दाढी असेल तर त्याचा अर्धा गुण गेला. वायू तो अडवत नाही. उन्हात द्राक्षं तोडणाऱ्या, छपरं बसवणाऱ्या माणसाला ‘घरात राहा’ सांगून उपयोग नसतो. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये नियम केला की पीएम २.५ चा निर्देशांक १५१ झाला की मालकाने असे मास्क द्यायचे, ५०० च्या पुढे गेला की घालणं सक्तीचं. नियम चांगला आहे. चाळीस अंशांत वाकून काम करताना एन-९५ आठ तास तोंडावर ठेवायला काय लागतं, ते तो लिहिणाऱ्यांनी एकदा करून पाहायला हरकत नव्हती.

इतकं करायचं कशासाठी, असं वाटेल. धूर चार दिवसांचा पाहुणा. डेव्हिसमधल्या प्राणी-संशोधन केंद्रात ऱ्हीसस माकडं उघड्या आवारात राहतात. २००८ च्या वसंतात जन्मलेली पिल्लं तीन महिन्यांची होती-नव्हती तेव्हा, त्या जूनमध्ये, उत्तर कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा धूर त्यांच्यावरून गेला. कुणी प्रयोग म्हणून सोडला नव्हता. तो आपसूक आला. पुढच्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांशी त्यांची तुलना केली तेव्हा वयात येतानाही पहिल्यांची फुप्फुसं लहान आणि ताठर निघाली. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये असंही दिसलं की श्वसनाच्या आजारांसाठी वणव्याचे पीएम २.५ इतर उगमांच्या तेवढ्याच पीएम २.५ पेक्षा जास्त वाईट, काही हिशेबांत दहापटीपर्यंत.

जून २०२३ मध्ये पूर्व किनाऱ्यानेही हे पाहिलं. क्यूबेकची जंगलं पेटली, ईशान्येला ठाण मांडलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याभोवती फिरणाऱ्या वाऱ्याने धूर थेट दक्षिणेला लोटला, आणि ७ जूनला न्यूयॉर्कचा आकडा काही तास ४०० च्या वर होता. एडिसन-जर्सी सिटीतल्या मराठी घरांत त्या दिवशी पहिल्यांदा लोकांना कळलं की दिल्लीचे आकडे म्हणजे काय. कॅनडात त्या वर्षी सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं, आधीच्या विक्रमाच्या जवळपास दुप्पट.

आणि हिशेबाच्या वहीत हे कुठे दिसतं? अमेरिकेच्या कायद्यात ‘अपवादात्मक घटना’ अशी तरतूद आहे. वणव्याच्या धुराने बिघडलेले दिवस राज्यांना कागदपत्रं करून गणतीतून वगळता येतात, कारण तो त्यांच्या कारखान्यांचा दोष नाही. तर्क रास्त आहे. पण संशोधकांच्या हिशेबाने २००० नंतर गाड्या-कारखान्यांवर निर्बंध घालून मिळवलेल्या सुधारणेतली सुमारे चौथाई धुराने परत घेतली आहे, आणि ज्या दिवशी घेतली ते दिवस वहीतून वजा. दरवर्षी येणाऱ्याला अपवाद म्हणणं मला तरी पटत नाही.

यावरचा उपाय विचित्र आहे: आणखी धूर. कॅलिफोर्नियात गोरे लोक येण्याआधी वर्षाला सरासरी ४५ लाख एकर जळायचं असा एक अभ्यासू अंदाज आहे. काही विजेने, काही कारुक, युरोकसारख्या जमातींनी मुद्दाम लावलेल्या मंद आगींनी. मग शतकभर प्रत्येक आग विझवण्याचं धोरण चाललं. १९३५ पासून तर वन खात्याचा दंडक होता की आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. जंगलात इंधन साचत गेलं. आता तेच खातं जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) आखून, माणसं उभी करून, जमिनीवरचा पाचोळा आपल्या हाताने पेटवतं. आपल्याकडे उन्हाळ्याआधी वनरक्षक जाळरेषा काढतात त्याचाच हा मोठा भाऊ.

पेटवायचं कधी, ते आगवाले एकटे ठरवत नाहीत. राज्याचं हवा मंडळ प्रत्येक खोऱ्यासाठी रोज सांगतं, आज जाळायला परवानगी आहे की नाही. जाळायला विस्तव मंद लागतो, जमीन जरा ओली हवी, पण वर हवा मोकळी हवी, म्हणजे धूर चढेल आणि पांगेल. आगीला सोयीचा शांत, गार दिवस बहुतेकदा धुराला गैरसोयीचा असतो. त्यामुळे जाळण्याजोगे दिवस वर्षात मोजकेच निघतात, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी खालच्या गावातून कुणीतरी फोन करतं की वास येतोय. सकाळी झाकण उचलल्यावर पेटवतात, दुपार कलायच्या आत नवी काडी लावणं थांबवतात. संध्याकाळी हवा गार होऊन झाकण परत बसतं, तोवर जे धुमसायचं ते धुमसून झालेलं असावं लागतं.